इतिहासाचार्य राजवाडे आणि बीडची पोथी

स्मरणिकेत प्रतिवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे हा प्रघात सभासद कुटुंबांस विदित आहेच. यंदा आम्ही कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव निवडले आहे. राजवाड्यांचा जन्म कोकणातला, विद्याभ्यास मुख्यत्वे पुण्याचा आणि देहावसान धुळ्याचे. मग बीड जिल्ह्यातील घराघरांत जाणाऱ्या या पुस्तकात त्यांचे प्रयोजन काय, अशी शंका कोणास येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर बीड शहरातील पाटांगण या जुन्या देवस्थानात आहे. मराठी भाषेचा इतिहास ज्या एका पोथीच्या आधाराने राजवाड्यांनी नव्याने मांडला, ती ज्ञानेश्वरीची पोथी त्यांस येथे मिळाली. आपल्यापैकी ज्यांचे पाटांगणात नित्य जाणे-येणे आहे, त्यांतील कित्येकांस ही गोष्ट ठाऊक नाही असे आमच्या ध्यानात आले, म्हणून हा लेखनप्रपंच.

राजवाड्यांचा जन्म २४ जून १८६३ रोजी झाला. घराणे कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील वरसईचे. वडिलांचे छत्र अगदी लहानपणी हरपले आणि बालपण पुण्याजवळच्या वडगावात गेले. वडील बंधू वैजनाथ काशिनाथ हेही पुढे संस्कृताचे नामांकित प्राध्यापक झाले व यास्काच्या निरुक्तावरील त्यांचे काम प्रसिद्ध आहे; परंतु दोघां भावांच्या प्रकृतीत मोठे अंतर होते. वैजनाथरावांनी महाविद्यालयात राहून विद्या केली, विश्वनाथरावांस मात्र कोणतीच चौकट फार काळ मानवली नाही. परीक्षेस नेमलेली पुस्तके बाजूस सारून ग्रंथालयात स्वतःच्या आवडीची पुस्तके वाचीत बसावे, हा त्यांचा डेक्कन कॉलेजातील क्रम होता. त्यामुळे पदवी मिळण्यास १८९१ साल उजाडले, तोवर वयाची अठ्ठावीस वर्षे होत आली होती. आपल्या शाळा-कॉलेजांविषयी त्यांनी पुढे एक सविस्तर निबंध लिहिला; त्यात गुरुजनांची वा संस्थांची भीड त्यांनी कोठेही ठेवलेली नाही.

पदवीनंतर काही काळ पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात त्यांनी शिक्षकाचे काम केले. विवाह झाला होता, पण पत्नी ऐन तारुण्यात निवर्तली. त्यानंतर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही आणि नोकरीही धरली नाही. जगातील उत्तम ग्रंथ मराठीत आणावेत या हेतूने त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक चालविले, आणि प्लेटोच्या रिपब्लिकासारखा अवघड ग्रंथ स्वतः मराठीत उतरविण्यास घेतला. हे मासिक सुमारे तीन वर्षे चालले. आणखी काही वर्षे ते टिकते तर कदाचित राजवाड्यांचे नाव आज भाषांतरकार म्हणून घेतले गेले असते. पण याच सुमारास वाई येथे पानिपतच्या काळातील अस्सल पत्रे त्यांच्या हाती आली, आणि त्यांच्या आयुष्यास निराळेच वळण लागले.

या पत्रांचे महत्त्व काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. तोपर्यंत मराठ्यांचा इतिहास म्हणजे एकीकडे ग्रँट डफचा इंग्रजी ग्रंथ आणि दुसरीकडे बखरी. बखर बहुधा प्रसंगानंतर कित्येक वर्षांनी, कोणाच्या तरी सांगण्यावरून, कोणाच्या तरी समाधानासाठी लिहिलेली असते. तीत माणसांची नावे बदलतात, फौजांचे आकडे फुगतात आणि तिथी तर क्वचितच जुळतात. ज्या दिवशी लढाई झाली त्याच्या आदल्या दिवशी छावणीतून धान्याची टंचाई कळविणारे पत्र निघाले असेल, तर त्या एका चिठ्ठीपुढे बखरीची दहा पाने फिकी पडतात. ही गोष्ट आज कोणाही विद्यार्थ्यास सहज पटेल, पण त्या काळी ती नवीन होती. राजवाड्यांनी पत्रे छापली, त्यांस टीपा जोडल्या, प्रस्तावनेत बखरींची झडती घेतली; आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड बाहेर पडला. त्यात १७५० पासून १७६१ च्या पानिपतपर्यंतचा काळ आहे. पुढील दोन दशकांत या मालेचे एकूण २२ खंड झाले.

हे काम बसल्या जागी होण्यासारखे नव्हते. जुन्या पत्राचा मजकूर मोडीत, शिरोरेघ ओढून तीत अक्षरे अडकविलेली, लेखणी न उचलता लिहिलेली. कागदास कसर लागलेली असे, आणि मधली ओळ नेमकी वाळवीने खाल्लेली. त्यातही पत्रावर वर्ष बहुधा नसते. कोठे नुसता चंद्र आणि मुसलमानी महिना, कोठे तिथी आणि वार, कोठे सुहूर सनाचा अरबी आकडा. एवढ्यावरून वर्ष ठरवावयाचे म्हणजे जंत्री पुढे घेऊन तिथी व वार यांचा मेळ कोणत्या वर्षी बसतो ते शोधावयाचे, मग पत्रातील माणसे त्या वर्षी हयात होती काय, त्या ठिकाणी होती काय, हे इतर पत्रांवरून ताडून पाहावयाचे. एका पत्राचा काळ ठरविण्यात एकेक दिवस जावा, आणि अशी हजारो पत्रे. पगारी कारकून हाताशी नसता हा सारा व्याप राजवाड्यांनी उचलला.

पोटाचे काय, हा प्रश्न संसारी माणसास पडतोच. राजवाड्यांनी गरजा इतक्या कमी केल्या होत्या की तो प्रश्न त्यांस फारसा भेडसावला नाही. अंगावर जाडेभरडे वस्त्र, बरोबर कांबळे आणि स्वयंपाकाची चार भांडी; गावात उतरावे, हातानेच शिजवून खावे, आणि दिवसभर कोणाच्या तरी माळ्यावरचे रुमाल सोडीत बसावे. मित्रांनी वेळोवेळी खर्चास मदत केली, पण आश्रितपण त्यांनी कोणाचेही पत्करले नाही. त्यांचेच समकालीन सातारचे रावबहादूर पारसनीस यांनी राजेरजवाड्यांचा व सरकारचा लोभ संपादून फार मोठा संग्रह जमविला. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे शाळेची नोकरी सांभाळून पटवर्धनी दप्तर छापीत होते. तिघांच्याही कष्टांचे मोल आम्ही जाणतो. परंतु घर, पगार, सत्ता यांपैकी कशाचाही टेकू न घेता जो उभा राहिला तो एकटा राजवाडेच, हे म्हणताना आम्हांस संकोच वाटत नाही.

आता बीडकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, मराठी शाळा मोजक्या. पुण्या-मुंबईचे सुशिक्षित लोक या मुलखास मोगलाई म्हणत, आणि तेथे पाहण्याजोगे काही असेल असे त्यांतील फार थोड्यांस वाटे. निजामाच्या राज्यातून मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी आगगाडी नुकतीच सुरू झाली होती, परंतु तिचा रस्ता जालना-परभणीवरून; बीडास रेल्वे पोहोचण्यास २०२५ साल यावे लागले. तेव्हा बैलगाडीने किंवा पायी येणे, हाच मार्ग.

असा मुलूख राजवाड्यांनी वगळला नाही, याचे कारण सोपे आहे. मराठी भाषेचे जुने घर गोदाकाठी आहे. पैठण, आपेगाव, राक्षसभुवन, आंबेजोगाई ही स्थाने ज्यास ठाऊक आहेत, त्याने जुनी मराठी पोथी आणखी कोठे शोधावी? मुकुंदराजांचे स्थान म्हणून आंबेजोगाईस मान आहे. त्यांच्या विवेकसिंधूचा काळ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, असा परंपरेने मानला जातो. ते आंबेजोगाई की विदर्भातील आंभोरे, हा पंडितांचा वाद अद्याप मिटलेला नाही आणि जिल्ह्याच्या अभिमानापायी आम्ही तो येथे मिटवू पाहत नाही. सांगावयाचे ते एवढेच, की राजवाडे ज्या दिशेने आले ती दिशा विचारपूर्वक घेतलेली होती.

बीडच्या पाटांगणात त्यांस ज्ञानेश्वरीची एक जुनी हस्तलिखित पोथी मिळाली. तिचा संबंध त्यांनी मुकुंदराजांशी जोडला आणि ती एकनाथांच्याही पूर्वीची आहे असा निर्णय दिला. या निर्णयाचे मर्म आपल्या वाचकांपैकी ज्येष्ठांस चटकन उमगेल, पण तरुणांसाठी थोडे विस्ताराने सांगतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये झाली. पुढे पावणेतीनशे-तीनशे वर्षे तिच्या नकला होत गेल्या, आणि प्रत्येक नकलकाराने कळत-नकळत आपल्या काळची भाषा तीत घातली. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, पैठणच्या नाथमहाराजांनी निरनिराळ्या प्रती मिळवून ग्रंथ शुद्ध केला. त्यांचे उपकार अपार आहेत, कारण वारकऱ्यांच्या हाती आज जो ग्रंथ आहे तो त्यांच्या परंपरेचा. परंतु ज्यास तेराव्या शतकातील मराठी कशी होती हे पाहावयाचे, त्यास नाथांच्या पलीकडची प्रत हवी होती. ती बीडास सापडली, असे राजवाड्यांचे म्हणणे.

या पोथीवरून त्यांनी ज्ञानेश्वरी छापली ती १९०९ साली. आणि त्याच साली ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण हा आपला ग्रंथ काढला. आमच्या मते राजवाड्यांच्या सर्व लिखाणात या व्याकरणाची योग्यता फार वरची आहे. आपण आज देव म्हणतो, जन म्हणतो. जुन्या पोथीत देवु, जनु अशी रूपे येतात. वाचणारा सामान्य माणूस हा नकलकाराचा ढिलेपणा समजून पुढे जातो. राजवाडे तेथे थांबले. हा शेवटचा उकार येतो कोठून? संस्कृतातील विसर्ग, प्राकृतातील ओकार, अपभ्रंशातील उकार आणि मग आपला अकारान्त शब्द, अशी पायरी-पायरीने ती वाट दिसते. म्हणजे तो उकार चूक नसून हजार-दीड हजार वर्षांच्या प्रवासाचा उरलेला पुरावा आहे. तीच गोष्ट तेया आणि तया, जेया आणि जया या रूपांची. नाम, सर्वनाम, क्रियापद, अव्यय, एकेक प्रत्यय उचलून त्याचे मूळ शोधावयाचे, ही पद्धत त्यांनी सर्व ग्रंथास लावली. इंग्रजी व्याकरणाच्या साच्यात मराठी बसविण्याची जी रीत शाळांतून चालू होती, तिजवर हा उघड आघात होता. मराठीस स्वतःचा वंश आहे आणि तो कागदावर दाखविता येतो, हे या व्याकरणाने सिद्ध केले. पन्नास वर्षांनी, १९६० साली, सरकारने ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली तेव्हा तिच्यासाठी राजवाड्यांच्या प्रतीचाच पाठ मूळ म्हणून घेण्यात आला.

एवढ्यावर ही हकीकत संपती तर फार बरे होते. पण पोथीच्या काळाविषयी शंका निघाल्या. ती खरोखर एकनाथपूर्व आहे काय, तिचा मुकुंदराजांशी संबंध कितपत, तीतील जुनी दिसणारी रूपे सर्वत्र सारखी का नाहीत, असे प्रश्न पुढील अभ्यासकांनी विचारले आणि ते विचारण्याचा त्यांस पूर्ण अधिकार होता. अशा प्रश्नांचा निकाल एकाच रीतीने लागतो. मूळ पोथी पुढे ठेवावी, कागद पाहावा, शाई पाहावी, अक्षराचे वळण इतर दिनांकित पोथ्यांशी ताडून पाहावे. आणि नेमके तेच अशक्य झाले, कारण मूळ पोथी पुढे राहिली नाही. ती कशी नाहीशी झाली याविषयी कथा पुष्कळ आहेत. त्यांत राजवाड्यांच्या कोपिष्ट स्वभावाकडे बोट दाखविणारीही एक आहे. कोणती खरी, या वादात आम्ही पडत नाही. परिणाम मात्र सर्वांस दिसतो. ज्या पुरुषाने अस्सल कागदावाचून एक शब्द मानू नये असे साऱ्या महाराष्ट्रास शिकविले, त्याच्या सर्वांत महत्त्वाच्या भाषाविषयक ग्रंथाचा अस्सल कागद मात्र आज दाखविता येत नाही. छापील प्रतीवर आणि त्यांच्या वाचनावर विश्वास ठेवूनच पुढे जावे लागते. बीडकरांस याची खंत अधिक वाटणे साहजिक आहे. पोथी पाटांगणातून गेली ती कायमची गेली.

व्याकरणाचा नाद लागल्यावर राजवाडे थेट पाणिनीपर्यंत मागे गेले. सुबन्तविचार आणि तिङन्तविचार या निबंधांत त्यांनी असा पवित्रा घेतला की पाणिनीने बांधलेल्या भाषेच्या आतही तिच्याहून जुन्या बोलींचे थर दडलेले आहेत आणि विभक्तिप्रत्यय सोडवीत गेले तर ते उघडे पडतात. शिवकालीन पत्रांत फारसी शब्दांचे प्रमाण किती होते आणि पुढे ते कसे उतरत गेले, याची त्यांनी मोजदाद केली. महानुभाव पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिपींत बांधलेले असल्यामुळे शतकानुशतके बाहेरच्यांस वाचता येत नव्हते. त्या लिपींचा उलगडा करणाऱ्यांत राजवाडे अग्रेसर होते, आणि मराठी गद्याचा फार मोठा ठेवा त्या उलगड्यानंतरच सर्वांस खुला झाला. कादंबरी या वाङ्मयप्रकारावर त्यांनी लिहिलेला निबंध मराठी समीक्षेच्या इतिहासात अजून उल्लेखिला जातो. जयराम पिंड्ये या शहाजीराजांच्या पदरी असलेल्या कवीचे राधामाधवविलासचंपू हे काव्य त्यांनी १९२२ साली छापले आणि त्यास ग्रंथाइतकीच मोठी प्रस्तावना जोडून शहाजीस पुत्राच्या छायेतून बाहेर काढले. दोन वर्षांनी महिकावतीची बखर आली. तिच्या निमित्ताने उत्तर कोकणाच्या वसाहतीचा इतिहास. हे सर्व मराठीत. इंग्रजीत लिहिले तर कीर्ती समुद्रापार जाईल हे न समजण्याइतके ते भोळे नव्हते, पण लिहावयाचे ते आपल्या भाषेतच असा त्यांचा निश्चय होता, आणि त्याची किंमत त्यांनी आनंदाने मोजली.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनी भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासास हात घातला. वेद, महाभारत, पुराणे यांतील उतारे पुढे ठेवून त्यांनी असे प्रतिपादन केले की आपण जिला सनातन म्हणतो ती विवाहाची रीत प्रारंभापासून तशी नव्हती. अगदी आदिकाळी स्त्रीपुरुषसंबंध मोकळे होते आणि बंधने टप्प्याटप्प्याने आली. लेख प्रसिद्ध होऊ लागताच सनातनी मंडळी खवळली. गंमत अशी, की ज्यांनी त्यांस आजवर धर्माभिमानी म्हणून डोक्यावर घेतले होते तेच आता त्यांच्यावर तुटून पडले, आणि ज्यांचे विचार त्यांच्याहून अगदी भिन्न, त्या कॉ. श्रीपाद अमृत डांगे यांनी पुढे या ग्रंथाचा गौरव केला. राजवाड्यांस या दोन्हींचे सुखदुःख वाटले असते असे आम्हांस वाटत नाही. पुराव्यात दिसले ते लिहिले, एवढेच त्यांचे उत्तर असते.

मात्र ही निःपक्षपाती दृष्टी त्यांनी सर्वत्र ठेवली असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. एका ज्ञातीच्या स्मरणिकेत तर ही गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. जातीचा प्रश्न आला म्हणजे राजवाड्यांचा काटा कलत असे. कायस्थ प्रभूंविषयी त्यांनी जे लिहिले त्यात पुराव्यापेक्षा अभिनिवेश अधिक होता, आणि प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ साली ‘कोदण्डाचा टणत्कार’ हे पुस्तक लिहून त्याचा कडकडीत समाचार घेतला. आपल्या ज्ञातीतील काही लेखक अजूनही हा प्रसंग झाकून राजवाड्यांचे चरित्र लिहितात. आम्हांस ती रीत मान्य नाही. त्यांच्या व्युत्पत्तींचेही तसेच. शब्दाचे मूळ संस्कृतात शोधण्याच्या भरात ते पुष्कळदा पुराव्याच्या फार पुढे धावले, आणि त्यांनी सुचविलेल्या अनेक व्युत्पत्ती पुढील पंडितांनी टाकून दिल्या. ग्रामनामांच्या बाबतीत तर वाचकाने हाताशी मीठ घेऊनच बसावे.

स्वभावाचे पाणीही असेच कढत. ७ जुलै १९१० रोजी पुण्यास सरदार मेहेंदळे यांच्या साह्याने त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. महाराष्ट्रात इतिहासाभ्यासाचे पहिले नाव घेतले जाते ते या संस्थेचे. परंतु संस्था म्हटली की सभा, ठराव, मते आली. राजवाड्यांचे तेथील सहकाऱ्यांशी पटले नाही आणि पुढे त्यांनी धुळ्याकडे मुक्काम हलविला. धुळ्यास समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव आणि सत्कार्योत्तेजक सभेची मंडळी होती, भास्कर वामन भट यांच्यासारखे निष्ठावंत साह्यकर्ते होते. त्यांनी या वृद्ध होत चाललेल्या जमदग्नीस सांभाळले.

येथे आम्हांस आपल्या घरांकडे एकवार वळावेसे वाटते. आपल्या जिल्ह्यात कुळकर्ण, देशपांडेपण, जोशीपण, देवस्थानची वहिवाट पिढ्यान् पिढ्या सांभाळलेली घराणी आहेत. १९४८ च्या मुक्तिसंग्रामानंतर वतने गेली, वाडे पडले, मुले संभाजीनगर-पुण्यास स्थायिक झाली. माळ्यावरचे रुमाल तसेच राहिले, किंवा राहिले नाहीत. मोडी वाचणारे आजोबा गेले आणि त्या कागदांचा अर्थ सांगणारे घरात कोणी उरले नाही. तरी निराश होण्याचे कारण नाही. आंबेजोगाईस दासोपंतांची पासोडी पाहा. शके १४७३ मध्ये जन्मलेल्या या सत्पुरुषाने सुमारे चोवीस हात लांब कापडावर पंचीकरणाचा विषय लिहून काढला. कापडास चारशे वर्षे झाली, राज्ये बदलली, पण घराण्याने ती जपली म्हणून आजचा अभ्यासक ती डोळ्यांनी पाहू शकतो. दासोपंतांनी माघ वद्य षष्ठीस, शके १५३७ मध्ये, समाधी घेतली. पुष्कळ पुस्तकांत याचे इंग्रजी साल १६१५ दिलेले आढळते, परंतु शकाचा माघ महिना नेहमी पुढील इंग्रजी वर्षात पडतो, तेव्हा ते १६१६ हवे. राजवाड्यांच्या वाटेने गेलेल्या कोणीही ही बारीकशी दुरुस्ती केल्यावाचून पुढे पान उलटले नसते.

एकाच जिल्ह्यातील या दोन वस्तू. एक पासोडी घरात राहिली आणि टिकली. एक पोथी विद्वानाच्या हाती गेली, जगास व्याकरण देऊन गेली, आणि स्वतः नष्ट झाली. पोथी बाहेर दिलीच नसती तर बरे झाले असते काय? आम्हांस तसे वाटत नाही. पाटांगणाने दार बंद केले असते तर पोथी कदाचित अजून असती, पण तिच्यात काय आहे हे १९०९ साली कोणास कळले नसते. त्या काळी हस्तलिखिताचे फोटो काढून ठेवणे ही चैन होती. आज खिशातील मोबाइलने एक संबंध रुमाल दुपारभरात टिपता येतो. मूळ घरात राहते आणि मजकूर अभ्यासकाच्या हाती जातो. सभेच्या ज्या कुटुंबांकडे असे कागद असतील त्यांनी ते झटकून, उन्हात न टाकता सावलीत वाळवून, पानांचा क्रम न मोडता टिपून घ्यावेत. आणि रद्दीवाल्यास देण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्या एखाद्या माणसास दाखवावेत.

राजवाड्यांचे निधन धुळे येथे ३१ डिसेंबर १९२६ रोजी झाले. वय ६३. त्याच वर्षी मार्चमध्ये पारसनीस गेले होते, आणि वासुदेवशास्त्री खरे दोन वर्षे आधी, १९२४ साली. इतिहाससंशोधनाची एक पिढीच अशी दोन-अडीच वर्षांत संपली. राजवाड्यांच्या मागे स्थावर-जंगम म्हणण्यासारखे काही निघाले नाही. निघाले ते कागद, टिपणे आणि शब्दांच्या याद्या. धुळेकरांनी १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ स्थापून तो ठेवा जतन केला. मराठी धातूंची जी प्रचंड जुळवाजुळव ते करीत होते तिचा धातुकोश कृ. पां. कुलकर्णी यांनी संपादून १९३७ साली निघाला, आणि नामादि शब्दांचा व्युत्पत्तिकोश १९४२ साली. त्यांचे समग्र साहित्य पुढे त्याच मंडळाने १३ खंडांत प्रसिद्ध केले आहे. त्यांपैकी ज्ञानेश्वरीच्या व्याकरणाचा भाग सभासदांनी एकदा तरी उघडावा. ज्या पोथीवर तो उभा आहे, ती बीडची होती.